एंजिनाच्या ब्लॉकांत काय भरावें?

एंजिनाचा ब्लॉक वारंवार बोअर केल्यानें सिलिंडराच्या भिंती पातळ होतात. जोर पडतांच त्यांचा आकार बिघडून तेल जळूं लागतें. अशा वेळीं पाण्याच्या जॅकेटांत मसाला ओतून भिंतींस आधार द्यावा, असें कोणी सुचवितात. परदेशांत शर्यतींच्या मोटारींत ही युक्ति रूढ आहे. परंतु पाव मैलाच्या शर्यतींत कांहीं सेकंद धांवणारी मोटार आणि रात्रभर उसास पाणी देणारें किंवा गुऱ्हाळाचा चरक ओढणारें एंजिन यांचें काम एक नव्हे, हें शेतकरी बंधूंनीं प्रथम ध्यानांत घ्यावें.

मसाल्याची पहिली परीक्षा तापल्यावर फुगण्याची. ब्लॉकाचें बीड ७० अंश सेंटिग्रेडनें तापलें म्हणजे दर १०० मिलिमीटरांस सुमारें ०.०७ मिलिमीटर वाढतें. सिमेंटचा मसाला जवळजवळ तितकाच वाढतो. शिसें जवळजवळ तिप्पट, तर नुसतें इपॉक्सी चौपटीहूनही अधिक. अधिक फुगणारा पदार्थ भिंतीस आधार देण्याऐवजीं तिला ढकलूं पाहतो. प्लॅस्टर तर पाण्यांत टिकत नाहीं. म्हणून लोखंडाची पूड घातलेला व सुकतांना न आकसणारा सिमेंटचा मसालाच आम्हांस योग्य वाटतो.

दुसरी परीक्षा उष्णता वाहून नेण्याची. तींत सिमेंट बिडाच्या फार मागें पडतें. भरलेल्या भागांत पाणी फिरत नाहीं व तेल अधिक तापतें. यास्तव शेतीच्या एंजिनांत जॅकेटाचा तळाचा थोडा भागच भरावा. वर, जेथें जाळ प्रखर, तेथें पाणी मोकळें राहूं द्यावें. आधीं गंज व गाळ काढावा, हेडचे व मुख्य बेअरिंगांचे बोल्ट नेहमींच्या ताणानें आवळावेत, मग मसाला ओतावा. तो पुरता कठीण झाल्यावरच शेवटचें बोअरिंग करावें. जेथें लायनर पाण्यांत उभा असतो, तेथें हा उद्योग मुळींच करूं नये, लायनरच बदलावा. फुटलेल्या ब्लॉकावरही हा उपाय नव्हे.

आमचें स्पष्ट मत असें कीं, कोल्हापुरास उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगांव येथें ओतकाम आणि यंत्रकाम जाणणारे कारागीर असतां, प्रथम स्लीव्ह बसविण्याचा खर्च विचारावा व मसाला शेवटचा उपाय मानावा. फेरफाराची चुकलेली नोंद अर्ज करून दुरुस्त होते. ब्लॉकांत मुरलेलें सिमेंट पुन्हां निघत नाहीं, आणि उसाची चुकलेली पाळी कोणी भरून देत नाहीं.