नाव कोणाचंही द्या, पण सोबत हिशोबाची पाटीही लावा



आठवडाभरापासून गावात एकच विषय चालू आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या नव्या इमारतीला नाव कोणाचं द्यायचं? एक गट म्हणतो, आपल्या दिवंगत आमदार साहेबांचं. दुसरा म्हणतो, राज्य पातळीवरच्या मोठ्या नेत्याचं. दोन्हीकडून तहसीलला निवेदनं गेली, चौकात समोरासमोर फ्लेक्स लागले, व्हॉट्सॲप ग्रुपवर जुनी उणीदुणी निघाली. "पत्रकार साहेब, तुम्ही कोणत्या बाजूचे?" असं विचारणारे रोज पाच-सहा फोन येतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. "नावात काय आहे, कामाचं बोला" असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. मराठवाड्यातल्या माणसाने तरी असं म्हणू नये. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. ते नाव प्रत्यक्षात लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून. मधल्या साडेपंधरा वर्षांत इथे दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली, आपल्या नांदेड जिल्ह्यातही. ज्या बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढून इथल्या पोरांना उच्च शिक्षणाचं दार उघडून दिलं, त्यांच्या नावासाठी लोकांना जीव द्यावा लागला. तेव्हा नाव ही फालतू गोष्ट नाही. कोणाला मान द्यायचा, हे त्यातून ठरतं.

पण नाव लागलं की काम संपलं, असं आपण धरून चालतो. माझी तक्रार तिथे आहे.

आपल्याच जिल्ह्याचं घ्या. विष्णुपुरीच्या मोठ्या सरकारी दवाखान्याचं पूर्ण नाव डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. शंकरराव दोनदा राज्याचे मुख्यमंत्री झाले, केंद्रात अर्थ आणि गृह खातं सांभाळलं. शिस्तीला इतके कडक की लोक त्यांना 'हेडमास्तर' म्हणायचे. त्या माणसाच्या नावाच्या दवाखान्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. देशभर बातमी गेली. औषधांचा तुटवडा, रिकाम्या जागा, क्षमतेपेक्षा जास्त रुग्ण, सगळ्याची चर्चा झाली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला, त्याचा व्हिडिओ फिरला, गुन्हाही दाखल झाला.

यात त्या नावाचा काही दोष नाही. जे डॉक्टर आणि सिस्टर तिथे रात्रंदिवस राबतात, त्यांच्यावर सगळं ढकलणंही बरोबर नाही. लांबलांबच्या तालुक्यांतून अत्यवस्थ पेशंट शेवटच्या घडीला तिथेच येतात. का येतात? कारण आपल्यासारख्या गावातल्या दवाखान्यातून "नांदेडला हलवा" अशी चिठ्ठी मिळते. म्हणजे तिथल्या गर्दीचं एक कारण इथे, आपल्या तालुक्यात आहे. आणि आपण इथे भांडतोय ते इमारतीच्या पाटीवर.

माझा मुद्दा एवढाच की, ज्या 'हेडमास्तरां'चं नाव आपण कौतुकाने दारावर लावलं, त्यांची शिस्त आत आणायची जबाबदारी कोणी घेतली होती का? नावाचा ठराव करताना त्यात तसं एखादं वाक्य तरी होतं का? जयंतीला हार, पुण्यतिथीला हार, मधले ३६३ दिवस पाटी एकटीच.

आता शंकररावांचंच दुसरं उदाहरण बघा. जायकवाडी धरण पैठणलाच व्हावं म्हणून ते पाटबंधारे मंत्री असताना हटून बसले. १९६५ ला पायाभरणी झाली, १९७६ ला धरण पूर्ण झालं तेव्हा ते मुख्यमंत्री होते. स्वतः जन्माने पैठणचे. पण जलाशयाला नाव आहे नाथसागर, संत एकनाथांचं. तरी आजही मराठवाड्यात जायकवाडी म्हटलं की जुनी माणसं शंकररावांचं नाव काढतात. तिथे पाटीची गरजच पडली नाही, कारण कालव्याला पाणी आलं.

दुसरं एक नाव सांगतो. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर कुटुंबाला दोन लाख रुपये देणारी योजना गोपीनाथ मुंडेंच्या नावाने आहे. ज्या घरात ते पैसे वेळेवर येतात, तिथे मुंडे साहेबांचं नाव आदरानेच घेतलं जातं. ज्या घरची फाइल त्रुटी काढून परत येते, तिथे काय बोलतात ते मी इथे लिहू शकत नाही. नाव तेच असतं. मान वाढतो की जातो, हे खालच्या टेबलवर ठरतं.

आता आपल्या रुग्णालयाबद्दल. माझं मत विचारलंत म्हणून सांगतो, मला आमदार साहेबांचं नाव जास्त योग्य वाटतं. कारण हा दवाखाना गावात यावा म्हणून त्यांनी किती चकरा मारल्या, हे पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक माणूस सांगेल. मोठ्या नेत्यांची नावं राज्यात बऱ्याच ठिकाणी लागली आहेत, त्यांचा मान कमी होणार नाही. पण दुसऱ्या गटाचं नाव ठरलं तरी मी विरोधात बातमी लावणार नाही. माझा आग्रह नावासाठी नाही, अटींसाठी आहे. नगरपरिषदेचं नवं सभागृह शिफारशीचा ठराव करून सरकारकडे पाठवणार असेल, तर त्यात या चार गोष्टी घाला:

१. डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ यांच्या मंजूर जागा भरल्याशिवाय नामकरणाचा कार्यक्रम घ्यायचा नाही. कुलूपबंद एक्स-रे रूमला कोणाचंच नाव शोभत नाही.

२. नावाखाली चार ओळीत माहिती लिहायची. हा माणूस कोण होता, या भागासाठी नेमकं काय केलं. वीस वर्षांनी येणाऱ्या पोराला कळलं पाहिजे.

३. त्याच दर्शनी भागात दुसरी पाटी. मंजूर जागा किती, भरलेल्या किती, कोणती औषधं शिल्लक नाहीत, कोणती मशीन बंद आहे. दर महिन्याला आकडे बदलायचे.

४. जयंतीच्या दिवशी हार घालून झाला की रुग्ण कल्याण समितीने वर्षाचा हिशोब लोकांसमोर वाचून दाखवायचा. भाषणं नंतर.

काही जण म्हणतील, हा नेत्याचा अपमान आहे. मला उलट वाटतं. साहेब हयात असते तर औषध नसल्याचा फोन आल्यावर गप्प बसले असते का? मग त्यांच्या नावाच्या इमारतीत औषध नसणं हा अपमान, की ते पाटीवर लिहिणं?

दोन्ही गटांतले कार्यकर्ते माझ्या ओळखीचे आहेत. जयंती-पुण्यतिथीच्या जाहिराती त्यांच्याकडूनच येतात, आणि त्यावर आमच्यासारख्यांचे अंक निघतात. ही पोस्ट टाकल्यावर यंदा एक-दोन जाहिराती कमी होतील, हे मला ठाऊक आहे. चालेल. पण रात्री दोन वाजता आपल्या घरची बाळंतीण ॲम्ब्युलन्समध्ये घालून नांदेडचा रस्ता धरायची वेळ येते, तेव्हा कोणी गट विचारत नाही.

दोन्ही बाजूंच्या प्रमुखांना माझी विनंती आहे. निवेदनं वेगवेगळी दिलीत, हरकत नाही. या चार अटींचं निवेदन मात्र एकत्र द्या. नगरसेवकांनीही बोलावं, पक्ष कोणताही असो. ज्यांना पटतंय त्यांनी आपापल्या वॉर्डाच्या ग्रुपवर टाका. ज्यांना पटत नाही त्यांनी खाली लिहा, पण मुद्द्यावर लिहा. शिवीगाळ केली तर कमेंट काढून टाकेन, मग फोन करून रुसायचं नाही.