मोडलेल्या गाडीचे मोल

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ परवा एक पत्र घेऊन आमच्या कचेरीत आले. पत्र विमा कंपनीचे होते आणि मजकूर अवघा चार ओळींचा होता. नवले पुलाच्या उतारावर रांगेत उभ्या असलेल्या त्यांच्या मोटारीवर मागून एक ट्रक येऊन आदळला. सुदैवाने माणसे वाचली, गाडी वाचली नाही. कारखान्याच्या माणसाने दुरुस्तीचा खर्च मांडला, कंपनीच्या सर्व्हेअरने गाडी पाहिली, आणि गाडी ‘टोटल लॉस’ आहे याविषयी दोघांचेही एकमत झाले. त्यानंतर ते पत्र आले. वाहनाच्या मूळ रचनेत बदल केल्याचे व ते कंपनीस न कळविल्याचे आढळून आल्यामुळे दावा नामंजूर करण्यात येत आहे, असा त्याचा आशय. हे बदल कोणते? गाडीस सीएनजीचे किट बसविलेले होते, चाके मिश्रधातूची, म्हणजे ज्यांना बाजारात अलॉय व्हील म्हणतात ती होती, आणि मुलाच्या हौसेखातर गाण्याची यंत्रणा जरा मोठी घातलेली होती. यांपैकी एकाही वस्तूने त्या ट्रकला मागून येऊन आदळण्याचे निमंत्रण दिलेले नव्हते.

हा प्रश्न एका गृहस्थाचा असता तर अग्रलेखाची जागा आम्ही त्यास दिली नसती. परंतु आज शहरातील बहुसंख्य गाड्या कारखान्यातून जशा निघाल्या तशा रस्त्यावर राहिलेल्या नाहीत. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या ऑपेरा हाऊसच्या परिसरात हिंडून पाहावे. दिवे, चाके, आसनांची आवरणे, पडदे, भोंगे, कॅमेरे यांचा केवढा व्यापार तेथे चालतो! पेट्रोलचा भाव परवडत नाही म्हणून सीएनजीकडे वळणारा मध्यमवर्गीय तर हौशीही नव्हे. तो निव्वळ काटकसरी आहे. या साऱ्यांनी विम्याचा हप्ता नेमाने भरलेला असतो. गाडी शाबूत असेपर्यंत कंपनीस त्या चाकांची व दिव्यांची कधी आठवण होत नाही; ती होते गाडीचा चुराडा झाल्यावर.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने गाडीत करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला आणि उत्पादकाने ठरविलेले मूळ स्वरूप बदलता येणार नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन नियमबाह्य फेरफारास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. गाडीच्या पुढे लोखंडी ‘बुलबार’ लावण्याविरुद्ध केंद्रीय मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना लिहिले होते, आणि बुलेटचे कर्णकर्कश सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आमच्या वाचकांनी पाहिलेली आहेत. त्या सायलेन्सरांबद्दल आम्हांस तिळमात्र सहानुभूती नाही.

परंतु फेरफार या एका शब्दाखाली किती निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात, हे ध्यानात घेतले पाहिजे. गाडीचा सांगाडा कापून तिची लांबी वाढविणे हा फेरफार. आसनावर कातडी आवरण घालणे हाही कोणाच्या मते फेरफारच! मान्यताप्राप्त किट मान्यताप्राप्त केंद्रात बसवून, आरटीओमध्ये जाऊन, नोंदणीपत्रावर नोंद करून घेतलेला सीएनजीचा बदल कायद्यास मान्य आहे. अशा किटांची चाचणी घेऊन त्यांना मान्यता देणारी एक प्रमुख संस्था तर आपल्याच शहरात, वेताळ टेकडीच्या कुशीत आहे. आमच्या या गृहस्थांच्या नोंदणीपत्रावर ही नोंद होती. त्यांनी कळविले नाही ते केवळ विमा कंपनीस. सरकारदप्तरी नोंदविले म्हणजे सर्वांस कळले, अशी त्यांची भाबडी समजूत. मुले प्रश्न पुरता न वाचता उत्तर लिहू लागतात, ही आमची शिक्षकी पेशातील जुनी तक्रार होती. पॉलिसीच्या बाबतीत सुशिक्षित प्रौढांची गत याहून निराळी नाही.

विम्याचा करार परमसद्भावावर उभा असतो, असे या शास्त्राचे आद्य सूत्र आहे. जोखीम स्वीकारणाऱ्याला जोखमीचे स्वरूप माहीत नसते, ते मालकास माहीत असते. म्हणून सांगण्याचे कर्तव्य मालकाचे. ते त्याने पाळले नाही हे कबूल करणे भाग आहे. किंबहुना पुष्कळ मालक हे जाणूनबुजून सांगत नाहीत, कारण हप्ता वाढेल ही भीती. ही भीती किती अनाठायी आहे पाहा. २००२ च्या मोटार दरपत्रकाप्रमाणे उत्पादकाच्या किमतीत न धरलेल्या विद्युत् उपकरणांस त्यांच्या मूल्याच्या शेकडा ४ इतका जादा हप्ता, आणि सीएनजी किटासही तितकाच. २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर कंपन्यांनी आपापले ठरवावेत असे झाले, तरी हिशेबाची ही रीत टिकून राहिली आहे. म्हणजे ५५,००० रुपयांच्या किटास वर्षाला २,२०० रुपये आणि वर थोडा कर. एवढे वाचविण्यासाठी लाखांचा दावा पणास लावणे याला काटकसर म्हणत नाहीत.

आता हिशेबाच्या दुसऱ्या अंगाकडे वळू, कारण ‘टोटल लॉस’ म्हणजे नेमके काय, याविषयी सुशिक्षितांतही विलक्षण अज्ञान आढळते. गाडीची आज बाजारात काय किंमत येईल, किंवा मालकाने तिच्यावर किती पैसा ओतला, याच्याशी विम्याचा संबंध नाही. संबंध आहे तो पॉलिसीवर छापलेल्या घोषित मूल्याशी, ज्याला आयडीव्ही म्हणतात. उत्पादकाच्या छापील किमतीतून वयोमानाप्रमाणे घसारा वजा करून ते ठरते: सहा महिन्यांपर्यंत शेकडा ५, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५०. पुढे उभयतांच्या संमतीने. दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या शेकडा ७५ हून अधिक झाला की गाडी गेली असे समजून संपूर्ण घोषित मूल्य द्यावयाचे, फक्त सक्तीची वजावट तेवढी कापून. आणि पॉलिसीच्या मुदतीत त्यातून पुन्हा घसारा काढावयाचा नाही, असा दंडक आहे. आमच्या गृहस्थांची गाडी मूळ आठ लाखांची, चौथ्या वर्षात आलेली; घोषित मूल्य ४,८०,०००. दुरुस्ती ३,६०,००० च्या पुढे गेली तेथेच तिचा निकाल लागला. किट, चाके व गाणे यांवर खर्ची पडलेले सव्वा लाख या हिशेबात कोठेच नाहीत. कारण ज्या मूल्यावर हप्ता घेतला त्यात त्यांची गणना नव्हती. तेवढे पैसे बुडाले हे न्यायाचेच झाले, आणि ते गृहस्थही ते मागत नाहीत.

त्यांचे म्हणणे एवढेच की, ज्या ४,८०,००० वर तुम्ही हप्ता घेतलात ते तरी द्या. हे म्हणणे आम्हांस संपूर्णतः रास्त वाटते. न सांगितलेल्या वस्तूचे पैसे न देणे निराळे, आणि न सांगितलेल्या वस्तूचे निमित्त करून सांगितलेल्या वस्तूचेही पैसे न देणे निराळे. पहिला व्यवहार आहे. दुसऱ्याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

येथे एक भेद मात्र प्रामाणिकपणे केला पाहिजे. अनधिकृत मिस्त्रीकडून मूळ तारा तोडून भडक दिवे बसविले आणि त्याच तारांतून ठिणगी पडून गाडी जळाली, तर कंपनीने हात आखडता घेतल्यास आम्ही तिला दोष देणार नाही. नोंद नसलेल्या, मुदतीत तपासून न घेतलेल्या सिलिंडराने पेट घेतला तरीही तेच. जी जोखीम मालकाने निर्माण केली आणि लपविली, तिचा भार इतर हप्तेकऱ्यांवर का पडावा? परंतु २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला लोंढा आला तेव्हा ज्या गाड्या वाहून गेल्या, त्यांची चाके कारखान्याची होती की नाना पेठेतील, याची चौकशी त्या पाण्याने केली नव्हती. अपघाताचे कारण आणि फेरफार यांचा काडीमात्र संबंध नसताना फेरफाराचे निमित्त पुढे करणे हे कायद्याच्या अक्षरालाही धरून नाही.

आमचे हे मत न्यायनिवाड्यांस सोडून नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका मालवाहू गाडीचे प्रकरण आले. तीत परवान्याहून अधिक माणसे बसली होती. परंतु त्यांच्या बसण्याने टक्कर झाली नाही, म्हणून कराराचा तो भंग दावा बुडविण्याइतका मूलगामी नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. २०१० साली, खासगी गाडी भाड्याने दिल्याच्या प्रकरणातही, दावा सर्वस्वी फेटाळणे चूक असून ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने तो मिटवावा असे सांगितले गेले. त्या पद्धतीत अटीच्या भंगाबद्दल दाव्याच्या शेकडा ७५ पर्यंत रक्कम देता येते. गाडीची वहनक्षमता कमी सांगून हप्ता वाचविला असेल तर तीन वर्षांच्या हप्त्यातील फरक किंवा शेकडा २५, यांपैकी जे अधिक असेल ते कापावे, असेही तीत आहे. आमच्या गृहस्थांना हाच न्याय लावला तर तीन वर्षांचा फरक साडेसहा हजारांच्या आसपास भरतो, आणि शेकडा २५ म्हणजे १,२०,००० होतात. ही दुसरी कपात आम्हांस जबर वाटते. तरी ती सोसूनही त्यांना ३,६०,००० मिळतात. शून्य आणि ३,६०,००० यांच्यातील अंतर निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसास विचारावे. उलट बाजूही सांगितली पाहिजे: २०१४ साली तात्पुरती नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणणाऱ्या मालकाचा दावा फेटाळणे त्याच न्यायालयाने योग्य ठरविले. मूलभूत भंग आणि किरकोळ भंग यांत न्यायालय फरक करते. कंपन्यांच्या पत्रांत तो दिसत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

या सगळ्यात गाडी विकणाऱ्या पेढीविषयी कोणी बोलत नाही, याचे आम्हांस नवल वाटते. नवी गाडी ताब्यात देण्यापूर्वी तिला चाके, दिवे, पडदे, गाणे बसवून देणारा विक्रेता हाच, आणि त्याच टेबलावर विम्याची पॉलिसी पुढे सरकविणाराही हाच! २०१७ साली विक्रेत्यांच्या या विमाधंद्यास नियमांची चौकट घालण्यात आली हे खरे. पण जोडवस्तूंचे बिल ज्या हाताने फाडले त्याच हाताने पॉलिसीच्या अर्जातील जोडवस्तूंच्या रकान्यात शून्य लिहावे, यास काय म्हणायचे? पॉलिसीच्या पहिल्याच कलमात ‘वाहन आणि/किंवा त्यावरील जोडवस्तू’ यांच्या नुकसानीची हमी दिलेली असते. ते वाक्य वाचून ग्राहक निश्चिंत होतो. रकान्यातील शून्य त्याला दिसतच नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली कागदपत्रे विमा देतानाच मागवावीत, ती नाहीत म्हणून दावा फेटाळू नये, असे कंपन्यांना बजावले आहे. त्याच न्यायाने, गाडीस बाहेरून काय काय बसविले आहे हा प्रश्न हप्ता घेताना व प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी स्पष्ट मराठीत विचारणे कंपनीस बंधनकारक करावे, आणि ज्याने तो विचारला नाही त्यास पुढे न सांगितल्याची तक्रार करण्याचा अधिकार नसावा. भंगाराबाबतही नियम हवा. ज्या चाकांचे पैसे कंपनी देत नाही ती चाके सांगाड्याबरोबर लिलावात विकून टाकण्याचा तिला कोणता अधिकार पोहोचतो? मालकास ती काढून घेऊ द्यावीत.

अपंग व्यक्तींसाठी हातांनी चालविण्याजोगी करून घेतलेली व तशी नोंदणीपत्रावर नोंद केलेली गाडी ही याच दरपत्रकात अर्ध्या हप्त्यास पात्र धरली आहे, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नाही. म्हणजे फेरफाराकडे संशयानेच पाहिले पाहिजे असे दरपत्रक करणाऱ्यांसही वाटत नव्हते. त्यांना हवी होती ती नोंद.

आमच्या गृहस्थांस आम्ही काय सांगितले? ट्रकच्या विमा कंपनीविरुद्ध अपघात न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्ग त्यांना मोकळा आहे, पण तो लांबचा. स्वतःच्या कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहावी, आणि उत्तर न आल्यास किंवा न पटल्यास वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज करावा. त्याचे कार्यालय पुण्यात आहे, अर्जास शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा देण्याचा अधिकार त्यास आहे. त्यांनी सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागितली आहे. अहवालात अपघाताचे कारण म्हणून एकच वाक्य आहे: मागून भरधाव आलेल्या ट्रकची धडक. चाकांचा उल्लेख त्यानंतर दोन पाने सोडून येतो.