माशाने घेतलेले संकट

घरच्या फिशटँकमधला मासा मेला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते. "जाऊ दे, घरावरचे संकट त्याने आपल्या अंगावर घेतले." फेंगशुईचे पेव फुटल्यापासून तर हे वाक्य शास्त्रवचनच होऊन बसले आहे. आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवायचा, काळा मेला की अरिष्ट टळले असे समजायचे आणि संध्याकाळी दुकानात जाऊन दुसरा काळा आणायचा. माझे म्हणणे एवढेच आहे की हे वाक्य आपण आता टाकून द्यावे. त्या माशाने आपले संकट घेतलेले नसते. आपणच त्याच्यावर संकट आणलेले असते, आणि या वाक्यामुळे ते आपल्याला कधी कळत नाही.

साधारण प्रकार असा असतो. नवीन फ्लॅट घेतला, वास्तुशांती झाली, कोणीतरी हौसेने टँक भेट दिला. रंगीत खडी, हवेचे बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या, नळाचे पाणी आणि त्याच संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीतून दहा मासे. पाणी कसे आरशासारखे स्वच्छ! तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागतो, आठवड्याभरात दोन-तीन उलटे तरंगतात. मग पाण्याला दोष, माशाच्या जातीला दोष, नाहीतर नजर लागली.

मी कला शाखेचा पदवीधर, रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. पण ही गोष्ट कळायला प्रयोगशाळा लागत नाही, कचेरीतला अनुभव पुरतो. मासा खातो, मलविसर्जन करतो, कल्ल्यांतूनही घाण टाकतो. उरलेले खाद्य तळाशी कुजते. या सगळ्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. अमोनिया दिसत नाही, पण माशाचे कल्ले भाजून काढतो आणि गरम पाण्यात त्याचा दाह अधिक. निसर्गात हा अमोनिया निकालात काढायला सूक्ष्म जिवाणूंची दोन टेबले असतात. पहिल्या टेबलावरचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या टेबलावरचे नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट थोडेफार असले तरी माशांना चालते. ते पाणवनस्पती शोषून घेतात, बाकीचे पाणी बदलताना निघून जाते.

आता नवीन टँक म्हणजे उद्घाटन झालेली पण कर्मचारी न नेमलेली कचेरी. पहिल्या दिवसापासून आवक सुरू, निपटारा करणारे कोणी नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत पहिले टेबल भरते, अमोनिया उतरू लागतो. पण दुसऱ्या टेबलाची जागा अजून रिक्तच! त्यामुळे नायट्राइट साचते. ते माशाच्या रक्तात शिरून प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच घालवते. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. म्हणून "पहिले मेले, आता सगळे स्थिरावले" असे वाटत असताना तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मासे मरतात. दोन्ही टेबले भरून कारभार सुरळीत व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

हे ज्ञान नवे नाही. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने 1850 च्या सुमारास सोनेरी मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या. कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागले तेव्हा त्याने ती खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या आणि मग टँक टिकला. जिवाणूंचे काम 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्कीने दाखवून दिले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आपल्या दुकानाच्या काउंटरपर्यंत अजून पोचलेली नाही.

आणि आपल्याला तर ती समजायला अधिकच सोपी. ताज्या दुधाचे दही करायला विरजण लागते आणि वेळ लागतो, हे कुठल्या घरात ठाऊक नाही? विरजण नसले की शेजारून वाटीभर मागून आणतो. टँकचेही तसेच. ज्याचा टँक वर्षभर निरोगी चालला आहे, त्याच्या फिल्टरमधल्या स्पंजचा तुकडा ओला असतानाच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकावे, ते कुजून जिवाणूंना अन्न मिळते. तपासणीचे किट बाजारात मिळते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले की मासे आणावे. तेसुद्धा आधी दोन-तीन, मग हळूहळू बाकीचे.

मासे आधीच सोडले असतील तर? घाबरून अख्खा टँक रिकामा करून साबणाने धुऊ नये, त्याने सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. खाद्य एक दिवसाआड आणि अगदी थोडे. रोज पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारतो, म्हणून ते पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडे ठेवलेले असावे. स्पंज नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा. विजेचे बिल वाचवायला रात्री फिल्टर बंद करणाऱ्यांनी ती सवय सोडावी, जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. मेलेला मासा लगेच काढावा आणि त्याच्या जागी दुसरा आणू नये. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे.

कोणी म्हणेल, नुस्त्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही त्या गोंयकारांनी वीस-तीस रुपयांच्या माशासाठी एवढा गळा काढावा? मीही हुमण चवीने खातो. पण खाण्यासाठी मासा मारणाऱ्यालाही आपल्याकडे शिस्त आहे. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, समुद्राला उसंत दिली जाते. एवढ्या अफाट दर्याला आपण दोन महिने देतो आणि दोन फुटांच्या काचेच्या पेटीला एक महिना देववत नाही? ताटातल्या माशाने निदान कोणाचे पोट भरते. टँकमध्ये गुदमरून मेलेल्या माशाचे काय होते? फ्लश ओढला की संपले.

त्याहून मला बोचते ते मुलांचे. टँक बहुधा मुलांच्या हट्टापायी येतो. मुले माशांना नावे ठेवतात. मासा मेला की आपण ती शाळेत गेलेली असताना तसाच दुसरा आणून सोडतो किंवा संकटाची गोष्ट सांगतो. म्हणजे मुलाने एकतर जीव बाजारात बदलून मिळतो असे शिकायचे, नाहीतर मेलेला आपल्या भल्यासाठीच मेला असे. "पाणी अजून तयार नव्हते, आपण थांबायला हवे होते" हे खरे वाक्य त्याला कोणीच सांगत नाही. ते सांगितले तर पुढचा मासा जगेल.

दुकानदारांनाही एक विनंती. टँक आणि मासे एकाच बिलावर विकू नका. गिऱ्हाइकाला सांगा, आज टँक न्या, मासे महिन्याने. आजची विक्री थोडी कमी होईल खरी. पण किती घरांत जिन्याखाली रिकामे टँक जुनी वर्तमानपत्रे भरून पडलेले आहेत ते पाहा. ते तुमचेच हातचे गेलेले गिऱ्हाईक आहे. आणि वास्तुशांतीला टँक भेट देणाऱ्यांनी तो रिकामाच द्यावा, सोबत आपल्या टँकमधला स्पंजाचा एक तुकडा. शेजारणीला विरजण देतो तसा.