त्रेचाळिसावी ओळ नेमकी कुठली?

शनिवारची सकाळ, चहाचा दुसरा कप, आणि आजचा विषय आहे एक दोन अक्षरी कमांड: एनएल. फाइलमधल्या ओळींना नंबर घालून दाखवते, बस्स. हसू नका. या दोन अक्षरांपायी मी एकदा एका क्लायंटचे तीन दिवसांचे रिपोर्ट घालवलेत.

झालं असं की रात्री साडेअकराला रिलीज चालू होतं. सर्व्हरवर एक ज्युनियर सहकारी आणि मी घरून फोनवर. बाराच्या ठोक्याला एक स्क्रिप्ट आपोआप सुरू व्हायची. ती रिपोर्टच्या फायली आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायची आणि मग मूळ जागेवरून उडवायची. त्या रात्री हे उडवणं तेवढं थांबवायचं होतं. तीच स्क्रिप्ट माझ्या लॅपटॉपवर होती. मी एनएल चालवलं, नंबर बघितला आणि ऐटीत सांगितलं, "त्रेचाळीस नंबरची ओळ कॉमेंट कर." तो म्हणाला, "केली." फोन ठेवला आणि झोपलो.

सकाळी फायली ना इथे, ना तिथे!

त्याच्यासमोर व्हिम उघडा होता. व्हिम प्रत्येक ओळ मोजतो, रिकामीसुद्धा. एनएलला काही सांगितलं नाही तर ते रिकाम्या ओळींना नंबर देतच नाही. डिलीटच्या ओळीच्या वर ९ रिकाम्या ओळी होत्या. म्हणजे माझी ४३ ती त्याची ५२. आणि त्याची ४३ नेमकी कॉपीची ओळ निघाली. थोडक्यात, कॉपी बंद आणि डिलीट चालू. (कॉपी झाल्याशिवाय डिलीट होऊच नये अशी स्क्रिप्ट लिहायला हवी होती, हे मान्य. तीही मीच लिहिली होती.)

यावर टीममध्ये निघालेला निष्कर्ष होता, "एनएल वापरूच नका, कॅट -एन वापरा." सल्ला वाईट नाही. कॅट -एन सगळ्या ओळी मोजतं, ग्रेप -एनसुद्धा. पण मला हा निष्कर्ष अर्धवट वाटतो. एनएल चुकलं नव्हतं. ते त्याच्या हिशोबाने बरोबरच मोजत होतं.

हा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. फाइलमध्ये ठरावीक खुणा टाकल्या तर एनएल मजकुराचे हेडर, बॉडी आणि फूटर असे भाग ओळखतं, हेडर-फूटरला नंबर देत नाही आणि नवं पान सुरू झालं की पुन्हा एकपासून मोजतं. म्हणजे त्याच्या डोळ्यासमोर कागदावरचा मजकूर वाचणारा माणूस आहे. त्या माणसाच्या लेखी कोरी जागा ही ओळ नसतेच. एडिटरला मात्र फाइलशी देणंघेणं, त्याच्या लेखी रिकामी ओळही ओळच. अमेरिकेतला मित्र "पहिल्या मजल्यावर भेट" म्हणतो तेव्हा तो तळमजल्यावर उभा असतो आणि आपण जिना चढून वर! दोघांपैकी चूक कोणाचीच नसते, पण भेट मात्र होत नाही.

माझ्या मते खरा घोळ आपल्या डोक्यात आहे. नंबर हा त्या ओळीचाच असतो असं आपण धरून चालतो. शाळेत बेसिक शिकलो तेव्हा ते खरंही होतं. तिथे १०, २०, ३० हे आकडे प्रोग्रॅममध्येच लिहिलेले असायचे, वर एखादी ओळ घुसडली तरी ३० ही ३०च राहायची. एनएलला -व्ही १० -आय १० दिलं तर दिसायला अगदी तसंच दिसतं, पण ते नुसतं दिसणं. मूळ फाइलला धक्काही लागत नाही. हे नंबर बघणाऱ्याने त्या घटकेपुरते चिकटवलेले असतात. मोजणारा बदलला की नंबर बदलतो. वर एक ओळ घातली तरी बदलतो. एडिटरमध्ये नंबर बघून चार ओळी उडवायच्या असतील तर खालून वर जावं ते यासाठीच. वरून सुरुवात केली की पहिल्या डिलीटनंतर हातातली यादी शिळी झाली!

म्हणून हल्ली मी तीन गोष्टी पाळतो. समोरचा एडिटरमध्ये असेल तर एनएल -बीए. त्यातला 'ए' म्हणजे सगळ्या ओळी, कोऱ्या धरून. दुसरं, दोघांकडे फाइलची एकच आवृत्ती आहे ना, हे आधी विचारायचं. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: नुसता नंबर कधीच सांगायचा नाही. नंबर सांगायचा आणि ओळ वाचून दाखवायला लावायची.

या तिसऱ्या गोष्टीला दहा सेकंद लागतात. त्या रात्री मी ते दहा सेकंद वाचवले, आणि पुढचे दोन दिवस लोकांच्या मेलबॉक्समधून जुने रिपोर्ट गोळा करत बसलो. काही शेवटपर्यंत मिळाले नाहीत. त्या सहकाऱ्याने मात्र मला एका शब्दाने दोष दिला नाही. सांगितलेल्या नंबरची ओळ त्याने चोख बंद केली होती. त्याला ती ओळ कोणती हे विचारायचं सुचलं नसेल, पण ते सांगायचं काम माझं होतं.

एनएल मी अजूनही वापरतो. फक्त नंबर सांगून झाला की म्हणतो, "आता वाचून दाखव."