जबड्याचे चार स्नायू आणि तीन बोटे

वाचकहो, पुढे वाचण्यापूर्वी एक छोटीशी कृती करावी. दोन्ही हातांची बोटे कानशिलांवर ठेवावीत आणि दात घट्ट आवळावेत. बोटांखाली काहीतरी ताठरून वर आल्याचे जाणवेल. आता बोटे खाली आणून जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर ठेवावीत आणि पुन्हा दात आवळावेत. येथे हाताला एक जाड, कठीण पट्टा लागेल. आपण दिवसातून दोनदा जेवतो, अधूनमधून काही ना काही तोंडात टाकतो. परंतु ज्यांच्या जोरावर हे सारे चालते त्या स्नायूंना हात लावून पाहण्याची वेळ सहसा येत नाही.

कानशिलावर लागला तो टेम्पोरॅलिस. कवटीच्या बाजूवर तो हातपंख्यासारखा पसरलेला असतो. त्याचे तंतू खाली येता येता एकत्र होतात, गालाच्या हाडाच्या कमानीखालून जातात आणि खालच्या जबड्याला धरतात. जबड्याच्या कोपऱ्यावर लागला तो मॅसेटर. गालाच्या हाडापासून निघून तो जबड्याच्या कोपऱ्याला घट्ट चिकटलेला असतो. दाढ दाढेवर दाबण्याचे मुख्य काम त्याचे. तिसरा मेडियल टेरिगॉइड. हा जबड्याच्या आतल्या अंगाला असल्याने बाहेरून हाताला लागत नाही. बाहेरून मॅसेटर आणि आतून हा, अशा दोघांनी मिळून जबड्याचा कोपरा झोळीत धरावा तसा धरलेला असतो. या तीनही जोड्यांचे प्रमुख काम एकच, तोंड मिटणे व दात आवळणे.

चौथा, लॅटरल टेरिगॉइड, मात्र वेगळ्या वळणाचा. तो जवळजवळ आडवा असतो आणि जबड्याच्या सांध्यातील टोकाला पुढे ओढतो. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून सावकाश तोंड उघडून पाहावे. प्रथम सांधा बिजागरीसारखा फिरतो आणि मग जबड्याचे टोक पुढे घसरते. बोटाखाली छोटासा खळगा पडतो. हे पुढे घसरणे घडवून आणतो तो हा लॅटरल टेरिगॉइड. त्याला हनुवटीखालचे काही लहान स्नायू साहाय्य करतात. म्हणजे मिटण्यासाठी तीन दणकट जोड्या आणि उघडण्यासाठी एक जोडी व तिचे हे मदतनीस, अशी ही विभागणी आहे. निसर्गाने आपला जबडा चावण्यासाठी घडवला आहे. उघडण्यासाठी फारशा बळाची गरज पडेल, असे त्याने गृहीत धरलेले दिसत नाही. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

या चौथ्या स्नायूचे आणखी एक कौशल्य आहे. उजवीकडचा एकटाच आखडला तर जबडा डावीकडे सरकतो, डावीकडचा आखडला तर उजवीकडे. या आळीपाळीच्या सरकण्यामुळेच भाकरी नुसती तुटत नाही, दळली जाते. जात्यात खालची तळी स्थिर असते आणि वरची फिरते. आपल्या तोंडात नेमके उलट. वरची दंतपंक्ती कवटीला जखडलेली, फिरते ती खालची. चारही जोड्यांना आज्ञा देणारी नस एकच, मेंदूतून निघणारी पाचवी. गालाच्या भिंतीतला बक्सिनेटर हा स्नायू मात्र सातव्या नसेच्या अखत्यारीत येतो. तो चावत नाही. घास गालात साठू न देता पुन्हा दाढांखाली ढकलतो. तोंड वाकडे झालेला रुग्ण ‘चावता येते, पण अन्न गालात साठून राहते’ अशी तक्रार करतो, त्याचे कारण हेच.

आता ज्याच्यामुळे हा विषय या पंधरवड्यात लिहावासा वाटला त्या रुग्णाकडे वळतो.

आमचे केडगाव म्हणजे दौंडजवळचे नव्हे. अहिल्यानगरला लागून असलेले, देवीचे केडगाव. जवळच नेप्तीचा कांदा बाजार असल्याने टेम्पोचालक, हमाल, शेतकरी यांची दवाखान्यात नेहमी ये-जा असते. अशाच एका तिशीतल्या टेम्पोचालकाला त्याची पत्नी घेऊन आली. तोंडाची आग होते, तिखट मुळीच सोसत नाही, ही तक्रार. मी जीभ पाहिली, ‘तोंड आले आहे’ असे म्हटले, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या लिहून दिल्या. महिन्याभराने तो पुन्हा आला. मी पुन्हा गोळ्या दिल्या. तिसऱ्या खेपेला ती बाई एकटीच आली आणि म्हणाली, ‘‘डॉक्टर, आता मी कालवणात मिरचीच टाकीत नाही, तरी हे म्हणतात तिखट झालं. रोज ताटावरून भांडण होतं.’’ मग जरा थांबून तिने जोड दिली, ‘‘आणि घास केवढासा घेतात, लेकरासारखा.’’

तिच्या या दुसऱ्या वाक्याने मला खडबडून जागे केले. दोन वेळा तो माझ्यासमोर बसला होता आणि मी त्याला पूर्ण तोंड उघडायला सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले. त्याची स्वतःची तीन बोटे उभी धरून वरच्या व खालच्या समोरच्या दातांमध्ये घालायला सांगितली. दीड बोटाच्या पुढे गेली नाहीत. गालाच्या आतली त्वचा संगमरवरासारखी पांढुरकी पडली होती आणि बोट फिरवल्यावर आत दोऱ्या ताणल्यासारखे कठीण पट्टे लागत होते. गाल फुगवायला सांगितले, फुगेनात. विचारल्यावर कळले, दिवसाला मावा सात-आठ पुड्या, गेली नऊ वर्षे.

त्याची स्वतःची समजूत अशी होती, की सतत गाडी चालवून ‘जबडा आखडला’ आहे. त्यासाठी त्याने एका जाणत्याकडून कानशिलांना तेल लावून चोळूनही घेतले होते. येथेच जबड्याची रचना समजून घेण्याचा उपयोग होतो. त्याचे मॅसेटर व टेम्पोरॅलिस उत्तम होते. दात आवळल्यावर हाताला दगडासारखे लागत. नऊ वर्षे सुपारी चघळून त्यांचा भरपूर व्यायाम झाला होता. बिघाड स्नायूंत नव्हताच. तोंडाचे आतले मऊ अस्तर, जे उघडताना रबरासारखे ताणले जायला हवे, तेच वाळलेल्या चामड्यासारखे झाले होते. उघडणारा स्नायू मुळातच दुबळा; अशा ताठर अस्तराविरुद्ध त्याचा काय पाड लागणार? तेथे चोळून काय साधणार?

या विकाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये श्वार्ट्‌झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तो नोंदवला आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे प्रमुख कारण सुपारी आहे. सुपारीतील अ‍ॅरेकोलिन हे द्रव्य अस्तराखालच्या पेशींना कोलॅजेनचे तंतू अधिकाधिक तयार करायला लावते, आणि सुपारीत भरपूर असलेले तांबे त्या तंतूंना एकमेकांशी घट्ट बांधणाऱ्या एन्झाइमला चेतवते. जखम भरताना व्रण पडतो ना, तसाच व्रण येथे कोणतीही जखम दिसत नसताना गालाच्या आत, टाळूपाशी, घशाच्या तोंडाशी हळूहळू पसरत जातो. सुरुवात होते ती तिखटाच्या आगीने. त्या वेळी तोंड पुरेसे उघडत असते. म्हणूनच घरातले लोक स्वयंपाक करणारीला दोष देतात आणि माझ्यासारखे डॉक्टर बी-कॉम्प्लेक्स देतात.

सुपारीचे बारीक काप, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून घासला, की झाला मावा. विदर्भात यालाच जवळचा प्रकार खर्रा म्हणून खातात. महाराष्ट्रात गुटखा व पानमसाला यांच्यावर २०१२ पासून बंदी आहे. परंतु टपरीवर डोळ्यांदेखत घासून मिळणाऱ्या पुडीला ना छापील वेष्टन, ना त्यावर धोक्याचे चित्र. बंदीचा आदेश आणि आमच्या रस्त्यांवरील टपऱ्या यांची गाठ पडल्याचे मला तरी फारसे दिसलेले नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘आमच्याकडे तंबाखू कुणी खात नाही, जेवणानंतर नुसती गोड सुपारी घेतो,’ असे अनेक घरांतून ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ म्हणून नोंदवले आहे. लग्नाच्या पंगतीनंतर मुलांच्या हाती जाणाऱ्या गोड सुपारीच्या पुड्या मला या कारणाने मावा खाणाऱ्यांपेक्षाही अधिक अस्वस्थ करतात. त्या मुलांची सुरुवात आठव्या-दहाव्या वर्षी होते. पूजेतली सुपारी पूजेतच राहू द्यावी.

कर्करोगाचा धोका किती, हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात या विकाराच्या ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा करण्यात आला होता. त्यांपैकी पाच जणांना, म्हणजे ७.६ टक्के रुग्णांना, तोंडाचा कर्करोग झाला. त्यात भर म्हणजे ज्याचे तोंडच उघडत नाही, त्याच्या दाढेमागची गाठ पाहायची कशी? मागच्या दाढा घासता येत नाहीत, किडलेली दाढ भरता येत नाही. आणखी एक गोष्ट घरच्यांच्या क्वचितच लक्षात येते. उद्या अपघात झाला किंवा अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तर भूलतज्ज्ञाला श्वासनलिकेत नळी घालायची असते, आणि ती बहुधा तोंडातूनच जाते.

तोंड कमी उघडण्याची कारणे अर्थात इतरही आहेत. अक्कलदाढेला सूज आली, की आतला टेरिगॉइड आखडतो. हे दोन-चार दिवसांत घडते आणि ठणका असतो. धनुर्वातात दातखीळ बसते ती तर खऱ्या अर्थाने स्नायूंची. जंतूंचे विष नसांतून वर चढते, आखूड नसांचे स्नायू प्रथम पकडले जातात, म्हणून बहुधा जबडा आधी. शेतात खुरपे, खिळा लागल्यानंतर काही दिवसांनी जबडा जड वाटू लागला तर घरी क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखत असेल तर दाताकडे नव्हे, हृदयाकडे पाहावे. महिनोन्‌महिने, वेदनेशिवाय, नकळत तोंड आक्रसत जाणे मात्र बहुधा सुपारीचेच काम.

ही तपासणी घरी, आरशासमोर, अर्ध्या मिनिटात होते. तर्जनी, मधले आणि अनामिका ही स्वतःची तीन बोटे एकमेकांना चिकटवून उभी धरावीत व समोरच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ज्याचे तोंड त्याचीच बोटे. वडिलांची बोटे मुलाच्या तोंडाला लावून उपयोग नाही. मग गाल फुगवावेत, शीळ घालावी, जीभ पूर्ण बाहेर काढावी. यांपैकी काही जमत नसेल, किंवा पूर्वी चालणारे तिखट अचानक सोसेनासे झाले असेल, तर दंतचिकित्सकाला दाखवावे. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा असेल तर त्याहूनही त्वरेने.

उपचाराबाबत खोटी आशा दाखवत नाही. सुपारी सोडल्याने विकाराची पुढची वाट बहुतांशी अडते. साठलेले तंतू मात्र आपोआप विरघळत नाहीत. दंतविशारद गालाच्या आत इंजेक्शने देतात, फार आवळलेल्यांना शस्त्रक्रिया लागते. या सर्वांसोबत व्यायाम हवाच. आइस्क्रीमच्या लाकडी चपट्या काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या आणि काही दिवसांनी, सोसेल तशी, एकेक काडी वाढवायची. हे काम कंटाळवाणे आहे आणि महिनोन्‌महिने चालते. व्यसन सोडण्यासाठी १८००-११२-३५६ हा शासनाचा विनामूल्य क्रमांक आहे. तेथे बोलायला माणूस असतो. माझ्या अनुभवात मात्र पुडी सुटते ती घरातील कुणीतरी रोज विचारत राहिल्यानेच.

आमच्या टेम्पोचालकाने मावा सोडून आता दहा महिने झाले. मधल्या काळात दोनदा घसरला, ते त्याने स्वतःहून सांगितले. काड्यांचा गठ्ठा तो गाडीत ठेवतो आणि नेप्तीला माल उतरेपर्यंत दाढेत धरून बसतो; हमाल थट्टा करतात, करू देतो. मागील महिन्यात मोजले तेव्हा दोन बोटे पुरती आत गेली. हुरडा चिमटी-चिमटीने खाता येतो असे म्हणाला. घरात कालवण मात्र अजून दोन भांड्यांत होते, एक त्याचे आणि एक बाकीच्यांचे.