माहितीची निवड आणि तिचे वाटप

गावात माहिती पोहोचत नाही, ही तक्रार आता फारशी ऐकू येत नाही. आजची अडचण निराळी आहे. सकाळी मोबाईल उघडताच हवामानाचा इशारा, बाजारभाव, किडीचे छायाचित्र, अनुदानाची वार्ता आणि कोणा अज्ञात व्यक्तीने सांगितलेला फवारणीचा उपाय ही सर्व एकाच रांगेत येऊन उभी राहतात. त्यांपैकी कोणती वार्ता आजची व कोणती गेल्या वर्षीची, ती प्रथम कोणी दिली, हे कळावयास मार्ग नसतो. पेरणीपूर्वी बियाणे पाखडून, निवडून घेणारा शेतकरी माहितीच्या बाबतीत मात्र आलेले पोते जसेच्या तसे शेजाऱ्याच्या ओट्यावर नेऊन टाकतो. आणि खेदाने म्हणावे लागते की, आम्ही विस्तारकार्य करणारेही पुष्कळदा तेच करतो.

या कामी वेब फीड या साधनाचा अधिक उपयोग व्हावा, असे आमचे मत आहे. फीड म्हटल्याबरोबर पशुपालकांच्या डोळ्यांपुढे पेंडीची गोणी उभी राहील. परंतु येथे त्याचा अर्थ वेगळा आहे. एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळावर नवे काही प्रसिद्ध झाले म्हणजे त्याचे शीर्षक, दिनांक, थोडक्यात आशय व मूळ मजकुराचा दुवा यांची नोंद एका ठराविक साच्यात केली जाते. हीच फीड होय. फीड रीडर नावाचे ॲप अशा अनेक नोंदी वेळोवेळी तपासते आणि नवे तेवढे आपल्यापुढे मांडते. ही पद्धत १९९९ पासून चालत आलेली आहे. पत्र सूचना कार्यालयाची प्रसिद्धिपत्रके व राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या व्यवस्थेचे इशारे या रूपाने मिळू शकतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आपण निवडलेल्या सर्व फीडची यादी एका लहानशा फाइलमध्ये उतरवून घेता येते. तिला ओपीएमएल म्हणतात. ती दुसऱ्याने आपल्या ॲपमध्ये घेतली की आपण कित्येक महिने खपून जमविलेली सर्व ठिकाणे त्यास एका क्षणात मिळतात. शेजारणीस वाटीभर विरजण दिल्याने आपल्या घरचे दही कमी होत नाही, त्यातलाच हा प्रकार.

यादीत काय असावे, याचा विचार मात्र सावकाशीने करावा. केवळ आपल्या जिल्ह्यापुरते पाहणे पुरेसे नाही. अमेरिकन लष्करी अळीचेच उदाहरण घ्या. ही कीड २०१६ साली आफ्रिका खंडात आढळली. मे २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात येऊन पोहोचली. तिचे पतंग वाऱ्याबरोबर लांबवर जातात. त्यांना राज्याची सीमा ठाऊक नसते. ज्याच्या संग्रहात शेजारच्या राज्यातील एखादे कृषि विद्यापीठ व संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषि संघटना यांच्या वार्ता होत्या, त्यास पोंग्यातील छिद्रे पाहून ही नेहमीची खोडकिडी नव्हे, अशी शंका घेण्यास आधार होता. मे २०२० मध्ये राजस्थान व मध्य प्रदेश ओलांडून टोळधाड विदर्भात आली, तेव्हाही हाच अनुभव आला. म्हणून दहाबारा ठिकाणे निवडली तर त्यांतील दोनतीन तरी बाहेरची असावीत.

जमविणे सोपे, टाकून देणे कठीण. ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने केंद्र सरकारने १८ कीडनाशकांवर बंदी घातली. त्यांपैकी १२ तत्काळ बंद झाली आणि फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस यांसह उरलेली ६ औषधे ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. तरीही त्यांची नावे असलेले जुने सल्ले हातोहात फिरत राहतात. ज्याने सल्ला पुढे पाठविला त्याची त्यात काहीच जबाबदारी नाही, असे आम्ही मानीत नाही. पाठविणाऱ्याच्या नावावर विश्वास ठेवूनच शेतकरी पंप पाठीला लावतो. तेव्हा वार्तेसोबत तिचा दिनांक, मूळ संस्थेचे नाव व दुवा गेलाच पाहिजे. आणि ज्या ठिकाणी दिनांकच घालीत नाहीत, ते ठिकाण यादीतून निःसंकोचपणे काढून टाकावे.

यादी द्यावी ती सहकाऱ्यांना व हौशी तरुण शेतकऱ्यांना. इतरांना आठवड्यातून तीनचार निवडक वार्ता पुरेत. त्यांवर आपल्या गावच्या पिकास लागू पडेल अशी एक ओळ स्वतःच्या भाषेत लिहावी. तीच ओळ ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहिली तर ज्यांच्यापाशी मोबाईल नाही त्यांनाही ती वाचता येते.

सर्वच कार्यालये फीड देत नाहीत, हे खरे. कित्येक सूचना आजही कागदाचे छायाचित्र म्हणून चढविल्या जातात व त्या कोणत्याही ॲपच्या हाती लागत नाहीत. ही उणीव त्या त्या कार्यालयांनी दूर करावयास हवी. तोपर्यंत मंगळवारी व शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषिहवामान सल्ला स्वतः पाहून संग्रहात जोडणे हाच उपाय आहे.

आणखी एक गोष्ट बदलीच्या संदर्भात सांगावीशी वाटते. कार्यकर्त्याची बदली होते, तेव्हा नोंदवह्या, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या यांची रीतसर यादी होऊन कार्यभार सोपविला जातो. त्याने जमविलेली माहितीची ठिकाणे मात्र त्याच्याबरोबर जातात, आणि नव्या माणसाला खरीप तोंडावर आला असता पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागतो. हा संग्रह केवळ एका ॲपच्या भरवशावर ठेवणेही योग्य नव्हे. गूगल रीडर ही अनेकांच्या उपयोगाची सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद करण्यात आली. ज्यांनी आपली यादी आधी उतरवून घेतली होती, ते ती घेऊन दुसरीकडे गेले. म्हणून ओपीएमएल फाइलची एक प्रत कार्यालयाच्या संगणकावर ठेवावी, दर हंगामाच्या आरंभी ती नवी करावी आणि कार्यभाराच्या यादीत किल्ल्यांच्या खाली तिचीही एक ओळ घालावी.