‘कल्याण’ची अक्षरं किती?

बीएस्सी आयटी किंवा कम्प्युटर सायन्स करणाऱ्या कुठल्याही मुलाचं जर्नल उघडून बघा. पहिल्या प्रॅक्टिकलच्या पानावर बहुधा एक स्क्रीनशॉट चिकटवलेला असतो. काळी खिडकी, तिच्यात एक ओळ, ओळीत जावा किंवा पायथनचं नाव आणि पुढे आकडा. खाली सरांची सही. भाषा मशीनवर बसली, तपासणी झाली, चला पुढे. तो स्क्रीनशॉट पुष्कळदा शेजारच्या बाकावरून व्हॉट्सॲपने आलेला असतो, हे सरांनाही ठाऊक असतं आणि मुलांनाही. पण तो अस्सल असला तरी त्याने सिद्ध काय होतं?

व्हर्जन विचारणं म्हणजे दारावर थाप मारून ‘आहे का कुणी?’ म्हणणं. आतून ‘हो’ आलं, एवढंच कळतं. आत किती जण आहेत, ज्याच्याकडे आपलं काम आहे तोच बोलला की घर न सोडलेला जुना भाडेकरू, यातलं काही कळत नाही. एवढ्यावर आपण तपासणी झाली म्हणतो. मग ज्या पोराचा प्रोग्राम चालत नाही, त्याला वाटतं की खोट आपल्या डोक्यातच आहे. मला राग येतो तो याचा.

रविवारी माझ्याकडे कल्याणला मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण पूर्व अशा पट्ट्यातली काही मुलं लॅपटॉप घेऊन येतात. मुंब्र्याची मुलं चाचा म्हणतात, डोंबिवलीची काका म्हणतात. लॅपटॉपचा आजार मात्र सगळ्यांचा एकच. बहुतेक लॅपटॉप सेकंडहँड, कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेले. आधीच्या मालकाचं निम्मं सामान त्यात तसंच पडलेलं असतं.

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. तीन आठवडे तिचा एकही जावा प्रोग्राम चालला नव्हता. कंपाइल व्हायचा, पण चालवायला गेलं की इंग्रजीत लांबलचक एरर. कॉलेजात सांगितलं, नीट टाइप कर. क्लासमध्ये सांगितलं, विंडोज नवीन टाकून घे, पाचशे रुपये होतील. तिने घरी सांगूनच टाकलं होतं की मला हे जमणार नाही, मी बीकॉमला जाते. अब्बा रिक्षा चालवतात, वर्षाची फी भरून झालेली होती.

त्या एररमध्ये दोन आकडे होते, ६१ आणि ५२. तीन आठवड्यांत ते कुणी वाचले नव्हते. जावामध्ये कामाचे दोन टप्पे असतात. जावासी हा कंपायलर तुमचा प्रोग्राम एका मधल्या रूपात आणतो आणि ती फाइल प्रत्यक्ष चालवणारी यंत्रणा वेगळी असते. तिलाच रनटाइम म्हणतात. कंपायलर त्या फाइलवर आपला क्रमांक घालून ठेवतो. जावा १७ चा क्रमांक ६१, जावा ८ चा ५२. म्हणजे एरर साध्या भाषेत म्हणत होती की फाइल जावा १७ ने तयार केली आहे, मी जावा ८ आहे, मला ती वाचता येत नाही. लॅपटॉपवर दोन जावा होती. नवं तिने टाकलेलं, जुनं आधीच्या मालकाच्या कुठल्याशा पॅकेजबरोबर आलेलं. विशेष म्हणजे तिच्या जर्नलमध्ये सही झालेला स्क्रीनशॉट होता आणि त्यात १.८ असं स्पष्ट दिसत होतं. (जावा ८ स्वतःला १.८ म्हणवतं, हा आणखी एक चकवा.) रनटाइमला नाव विचारलं होतं, जावासीला कुणी विचारलंच नव्हतं. दोघांना विचारून उत्तरं शेजारी शेजारी ठेवली असती तर पहिल्याच दिवशी भांडं फुटलं असतं.

विंडोजमध्ये ‘वेअर’ नावाची छोटीशी कमांड आहे. ‘वेअर जावा’ म्हटलं की त्या नावाचे जितके धनी पाथमध्ये असतील, ते सगळे पत्त्यासकट ओळीने समोर येतात. पाथ म्हणजे फोल्डरांची यादी. मशीन ती वरून खाली वाचतं आणि त्या नावाचं जे पहिलं सापडेल ते चालवतं, चांगलं-वाईट बघत नाही. त्या मुलीने स्वतःच नव्या जावाची ओळ यादीत वर सरकवली, काळी खिडकी बंद करून नवी उघडली आणि प्रोग्राम चालला. खिडकी नवी उघडणं महत्त्वाचं. जुनी खिडकी जुनीच यादी धरून बसते, आणि ‘बदल करूनही काही होत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येक जण एवढ्यासाठी अडलेले असतात.

पायथनची तऱ्हा निराळी. नेहमीचं इन्स्टॉलर चालवताना पाथमध्ये नाव घालण्याचा चौकोन आपण होऊन भरलेला नसतो. पोरं ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत पुढे जातात. मग ‘पायथन’ टाइप केलं की भाषा सुरू होण्याऐवजी मायक्रोसॉफ्टचं दुकान उघडतं, कारण २०१९ पासून विंडोज १० मध्ये त्या नावाची एक पोकळ पाटी आधीच लावून ठेवलेली आहे. पोरगं तिथून दुसरं पायथन उतरवतं. आता घरात दोन, आणि पिपने आणलेलं पॅकेज नेमकं ज्याची गरज नाही त्याच्याकडे जातं. उपाय सोपा आहे. पिपला सुटं हाक मारू नका, पायथनच्या मार्फत बोलवा, म्हणजे ज्या पायथनने हाक मारली त्याच्याच घरी माल उतरेल.

आणि पेन ड्राइव्ह. आपल्याकडे इन्स्टॉलर अजून असं हातोहात फिरतं, कारण घरी वायफाय नसतो आणि मोबाइलचा डेटा संध्याकाळपर्यंत संपलेला असतो. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. फक्त ती फाइल मूळचीच आहे का हे बघायला विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ आधीपासून हजर असतं. ते फाइलचा शा-२५६ ठसा काढून देतं, ६४ अंकाक्षरांची एक ओळ. भाषेच्या अधिकृत पानावर असा ठसा दिलेला असेल तर दोन्ही ताडून बघायचे. याला नेट लागतं ते एक पान उघडण्यापुरतं.

ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. नवी लाइन प्रवाशांसाठी खुली होण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी होते आणि वेगाची चाचणी घेतली जाते. रूळ टाकले, स्टेशनच्या पाटीवर नाव लिहिलं, झालं, असं कुणी म्हणत नाही. ज्या कामासाठी लाइन टाकली तेच काम तिच्याकडून करवून बघतात. कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र पाटी वाचून गाडी सोडतात.

‘पण आम्ही हॅलो वर्ल्ड करून घेतो की’, असं एका ओळखीच्या प्राध्यापकांनी मला ऐकवलं. बरोबर आहे. कर्निगन आणि रिची यांचं सी भाषेचं पुस्तक १९७८ मध्ये आलं, तेव्हापासून हा पहिला प्रोग्राम जगभर रूढ आहे. त्याचा हेतूही तिथे स्वच्छ सांगितलेला आहे. त्यात शिकण्यासारखं फार काही नसतं. प्रोग्राम कुठे लिहायचा, कंपाइल कसा करायचा, चालवायचा कसा, उत्तर कुठे उमटतं, हा पहिला अडथळा पार करायचा असतो. म्हणजे हॅलो वर्ल्ड ही मुळात बसवणुकीचीच परीक्षा आहे. माझी तक्रार तिच्या अक्षरांबद्दल आहे. १९७८ सालच्या अमेरिकेला ती पुरत होती. इंग्रजी अक्षरं ॲस्कीच्या १२८ चिन्हांत मावतात आणि ती चिन्हं कुठल्याही मोडक्या-तोडक्या मशीनवर उमटतात. जी परीक्षा मोडकं मशीनही पास होतं, तिने कल्याणच्या मुलाला काय कळणार?

त्याला ‘कल्याण’ लिहायला सांगा. आणि त्या शब्दाची लांबी विचारा.

युनिकोडच्या हिशेबात हा शब्द सहा चिन्हांचा आहे: क, ल, हलंत, य, काना, ण. आपल्या डोळ्यांना तीनच अक्षरं दिसतात, ती गोष्ट वेगळी. पायथन ३ सहा सांगतं. अठरा असं उत्तर आलं तर समजावं की यंत्रणा अक्षरं न मोजता बाइट मोजते आहे, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथन २ असंच करायचं. त्याचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, पण जुन्या मशीनवर ते अजून मुक्कामाला असतं. विंडोजवर जावा १८ च्या आधीची आवृत्ती असेल आणि यूटीएफ-८ वापरा असं सांगितलेलं नसेल, तर तिथेही अठरा येऊ शकतात किंवा कंपायलर त्या शब्दापाशीच अडतो. एक शब्द विचारला आणि कुठली भाषा, कुठली आवृत्ती, फाइल कशी वाचली गेली, एवढ्याचा सुगावा लागला.

यानंतर तोच शब्द एका फाइलमध्ये लिहून परत वाचायला लावायचा. इथे पायथन ३ सुद्धा विंडोजवर तोंडघशी पडतं. काळ्या खिडकीत मराठी पाठवायला २०१६ च्या ३.६ आवृत्तीपासून त्याची हरकत नाही, पण फाइल उघडताना यूटीएफ-८ हे नाव घेतलं नाही तर ते विंडोजची जुनी पश्चिम युरोपी अक्षरसूची वापरायला जातं. तिच्यात क नाही, ल नाही. प्रोग्राम कोसळतो. मूल म्हणतं, मराठीत प्रोग्रामिंग होत नाही. होतं बाबा, एक शब्द जास्त लिहावा लागतो.

पडद्यावर काय दिसतं त्यावरूनही निदान होतं, आणि हे कुणी शिकवत नाही. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर घाबरायचं कारण नाही. मजकूर शाबूत आहे, खिडकीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, इतकंच. तो मजकूर उचलून नोटपॅडमध्ये टाका, ‘कल्याण’ नीट दिसेल. पण प्रश्नचिन्हं दिसली तर थांबायला हवं. वाटेत कुणीतरी अक्षराचं रूपांतर करायला गेलं, जमलं नाही म्हणून त्याने तिथे प्रश्नचिन्ह ठेवलं, आणि हे जर फाइलमध्ये झालं असेल तर मूळ अक्षर गेलं ते गेलंच. उद्या याच मुलांपैकी कुणी सोसायटीच्या पावत्यांचा, दवाखान्याच्या केसपेपरचा, शाळेच्या दाखल्याचा प्रोग्राम लिहिणार आहे. तिथे चौकोन आला तर फॉन्ट बदलून भागतं. प्रश्नचिन्ह आलं तर कुणाचं तरी नाव पुसलं गेलेलं असतं, आणि ते नाव पुन्हा सिद्ध करायला कागद घेऊन फिरणारा माणूस कोण असतो, हे आपल्याला माहीत आहे.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. हल्ली सगळं ब्राउझरमध्ये चालतं, काही बसवावंच लागत नाही, मग हा खटाटोप कशाला? भाषेची तोंडओळख करून घ्यायला ब्राउझर उत्तम आहे, मीही मुलांना तेच सुचवतो. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी लॅपटॉप हातात देऊन ‘सेटअप करून घे’ असं सांगतात, तेव्हा ज्याच्या घरी इंजिनीअर भाऊ आहे तो फोन लावतो. ज्याच्या घरी तो पहिलाच कम्प्युटर शिकलेला आहे, त्याने कुणाला लावायचा? मराठीत शिकायची सोय अगदीच नाही असंही नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने अनेक विषयांचे छोटे व्हिडिओ मराठीतही केले आहेत. सोय आहे, पण एरर वाचायची सवय नाही. एरर आली की खिडकी बंद करणं, ही आपली राष्ट्रीय प्रतिक्रिया झाली आहे.

म्हणून विद्यापीठाच्या आणि कॉलेजांच्या लोकांना माझी सूचना आहे की पहिल्या प्रॅक्टिकलमधला स्क्रीनशॉट काढून टाका. त्या जागी आठ-दहा ओळींचा प्रोग्राम ठेवा. त्याने स्वतःचा पत्ता सांगावा, म्हणजे आपण कुठल्या फोल्डरमधून चालतो आहोत ते. व्हर्जन सांगावं. आजची तारीख आणि वेळ सांगावी, म्हणजे मशीनचं घड्याळ आपल्या साडेपाच तासांवर आहे की नाही ते दिसेल. मुलाने आपलं आणि आपल्या गावाचं नाव आपल्या लिपीत द्यावं, प्रोग्रामने ते फाइलमध्ये लिहून परत वाचावं आणि लांबी छापावी. प्रत्येकाचं नाव वेगळं असल्यामुळे व्हॉट्सॲपवरून उत्तर उचलायची सोय राहत नाही. शिवाय एकदा मुद्दाम बिघडवून बघायला लावावं. पाथमधून नाव काढा, काय एरर येते ती वहीत उतरवा, पुन्हा घाला. वीस मशीन आणि साठ मुलं असतील तरी दोन तासिकांत हे आटोपतं. तीन आठवडे वाया जाण्यापेक्षा हे स्वस्तच पडेल.

लिपी आपली म्हटली ती विचार करून. मुंब्रा-भिवंडीकडून उर्दू माध्यमातून आलेली मुलंही याच लॅबमध्ये बसतात, त्यांना ‘कल्याण’ उर्दूत लिहू द्या. तिथे तो शब्द पाच अक्षरांचा होतो आणि दहा बाइटचा, कारण उर्दूच्या अक्षराला यूटीएफ-८ मध्ये दोनच बाइट पुरतात. काळ्या खिडकीत तो बहुतेक वेळा तुटक किंवा उलटा दिसेल, कारण उजवीकडून डावीकडे लिहायचं आणि अक्षराला अक्षर जोडायचं हे काम सगळ्याच खिडक्यांना जमत नाही. दिसण्यावर जाऊ नका. लांबी पाच आली आणि फाइल नोटपॅडमध्ये उघडल्यावर शब्द सरळ दिसला, तर रनटाइम ठीक आहे.